शिवनेरी : दुर्ग होण्यापूर्वीचा डोंगर

मोहोळचा परिसर सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला. जमीन सपाट, काही ठिकाणी काळी व काही ठिकाणी मुरमाड माळाची. या प्रदेशात डोंगरी किल्ला नाही. भूमीच्या घडणीमुळे तो असण्याचा संभवही नाही. सोलापूर, मंगळवेढे, परांडे, माचणूर ही या टापूतील आणि त्याच्या शेजारची संरक्षणाची जुनी स्थळे सपाटीवरील वा नदीकाठची आहेत. तेथे संरक्षणाचे सारे काम मनुष्यनिर्मित तटाला आणि खंदकाला करावे लागले. सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही यांनी दीर्घकाळ झगडा केला, तो या तटबंदीसाठी आणि तिच्या आश्रयाने ताब्यात राहणाऱ्या मुलुखासाठी. अशा भुईकोटाच्या अभ्यासकाला एक सोय असते. तट हेच त्या स्थळाचे दुर्गत्व होय. तटाचा काळ सापडला म्हणजे किल्ल्याचा काळ बहुतांशी सापडला, असे म्हणावयास प्रत्यवाय नसतो.

याच भीमेच्या खोऱ्यात वर, सह्याद्रीच्या बाजूस गेले असता ही सोय राहत नाही. जुन्नरजवळून वाहणारी कुकडी घोडेस मिळते आणि घोड भीमेस मिळते. तेव्हा शिवनेरीच्या पायथ्याचे पाणीच पुढे आपल्या प्रदेशातून वाहत जाते. परंतु त्या वरच्या अंगाला निसर्गाने कडे उभे केलेले असल्यामुळे तटावाचूनही डोंगर दुर्गम असतो. मग तो 'दुर्ग' केव्हापासून मानावयाचा? शिवनेरी हा 'सातवाहनकालीन किल्ला' आहे, असे विधान प्रवासवर्णनांतून, माहितीफलकांवरून आणि क्वचित् प्रबंधांतूनही आढळते. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे. शिवनेरीचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो कशाचे प्राचीनत्व, हा.

दुर्गाची कसोटी

डोंगरी दुर्ग ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, याबद्दल शंका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे दुर्गांचे चार प्रकार सांगितले आहेत. मनुस्मृतीत सहा प्रकार असून त्यांत गिरिदुर्गास श्रेष्ठ मानले आहे. तेव्हा सातवाहनांच्या काळी डोंगराचा संरक्षणासाठी उपयोग करण्याची कल्पना सुचलीच नसेल, असे कोणी म्हणणार नाही. मात्र शास्त्रग्रंथात एखादी कल्पना असणे आणि एका विशिष्ट डोंगरावर ती विशिष्ट काळी अमलात आलेली असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

एखाद्या डोंगराचे दुर्गत्व सिद्ध करण्यास तीन प्रकारचे पुरावे उपयोगी पडतात. पहिला, लेखाचा किंवा समकालीन साहित्याचा. पन्हाळ्याचे उदाहरण घ्यावे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या लेखांत त्या स्थळाचा दुर्ग म्हणूनच निर्देश येतो. तेथे वाद उरत नाही. दुसरा पुरावा बांधकामाचा : तट, बुरूज, दरवाजे यांची घडण आणि त्यांचा परस्परसंबंध. तिसरा पुरावा वस्तीच्या अवशेषांचा : माथ्यावरील मातीच्या थरांत सापडणारी खापरे, नाणी, शस्त्रे, धान्याची कोठारे. या तिहींपैकी एकही नसताना केवळ डोंगर दुर्गम आहे आणि त्यावर जुने खोदकाम आहे, एवढ्यावरून त्यास किल्ला म्हणणे म्हणजे संभवाला पुराव्याच्या जागी बसविणे होय.

येथे एका परदेशी उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरेल. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील कित्येक टेकड्यांच्या माथ्यावर लोहयुगातील तटबंद्या आहेत. लिन द्वीपकल्पावरील त्रेर केइरी हे त्यांतील प्रसिद्ध स्थळ होय. तेथे दगडी तटाच्या आत सुमारे दीडशे दगडी घरांचे पाये आजही दिसतात, आणि त्या घरांत रोमन अमलाच्या काळीही वस्ती चालू होती, असे उत्खननावरून दिसून आले आहे. त्या लोकांपाशी लिपी नव्हती. म्हणून तट आहे, घरे आहेत, परंतु बांधणाऱ्यांचे एकही नाव नाही. शिवनेरीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील माणसांची नावे, त्यांचे व्यवसाय आणि त्यांनी दिलेली दाने खडकावर कोरलेली आहेत. पण त्या काळचा म्हणून निश्चयाने दाखविता येईल असा तट नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ब्रिटनमधील अभ्यासकांनी अलीकडच्या काळात, प्रत्यक्ष तट असलेल्या टेकड्यांच्या बाबतीतही, त्या सर्व युद्धासाठीच होत्या काय, असा प्रश्न उपस्थित केला आहे. मेळावे, गुरांची राखण, समाजातील प्रतिष्ठेचे प्रदर्शन अशी इतर प्रयोजने त्यांनी पुढे मांडली आहेत. तट असूनही तेथे इतकी सावधगिरी बाळगली जाते. आपण तटावाचूनच निर्णय देऊन मोकळे होतो.

लेख काय सांगतात

जुन्नरच्या परिसरात तुळजा, मानमोडी, लेण्याद्री आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी व खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतील. एकट्या शिवनेरीच्या कड्यांत पन्नासांहून अधिक खोदकामे आहेत. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांपासून इ. स. च्या तिसऱ्या शतकापर्यंतचा मानला जातो. येथील लेखांचे वाचन जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यांत सुधारणा झाल्या असल्या तरी त्यांचा मुख्य आशय कायम आहे.

शिवनेरीवरील एका लेखात वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने चैत्यगृहाचे दान सर्व लोकांच्या हितसुखासाठी केल्याचे नमूद आहे. दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' म्हणजे पाण्याची टाकी दिल्याचा उल्लेख आहे. तिसऱ्यात चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला आहे. चैत्यगृह, पाण्याची टाकी आणि भोजनमंडप ही तिन्ही दाने भिक्षुसंघाच्या नित्य जीवनाला लागणारी आहेत. सैन्य, द्वारपाल, दुर्गपाल अथवा कोठार यांचा त्यांत संबंध नाही.

शेजारच्या डोंगरांतील लेख हेच चित्र अधिक स्पष्ट करतात. लेण्याद्री येथील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, येथील बुद्धमित्र व बुद्धरक्षित या बंधूंनी दोन खोल्यांचे लेणे दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची अशा निरनिराळ्या श्रेण्या येथे दात्या म्हणून किंवा ठेवी सांभाळणाऱ्या संस्था म्हणून दिसतात. मानमोडी येथील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये एक पोढी व मंडप करविल्याची नोंद आहे. हे वर्ष शककालगणनेतील मानल्यास तो काळ इ. स. १२४ येतो. हा लेख विशेष लक्षणीय आहे. राजसत्तेचा प्रत्यक्ष अधिकारी जुन्नरच्या डोंगरात येतो, आणि तोही आपल्या नावाने टाके व मंडपच मागे ठेवतो.

याचा अर्थ असा की, या डोंगरांचे प्राचीन वैभव घाटमार्गावरील व्यापाराचे आणि त्या व्यापारावर पोसलेल्या दानधर्माचे आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथून कोकणात उतरले की कल्याण व सोपारा ही बंदरे जवळ येतात. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञ व दक्षिणा यांचे तपशील अंकांसह दिलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही त्यास महत्त्व प्राप्त झाले आहे. या मार्गाचे रक्षण सातवाहन करीत असलेच पाहिजेत. परंतु ते रक्षण शिवनेरीच्या माथ्यावरून होत होते, असे या लेखसमूहातील एकही लेख सांगत नाही.

टाके आणि पायरी

यावर एक आक्षेप संभवतो. शिवनेरीच्या माथ्यावर खडकात खोदलेली अनेक टाकी आहेत. गंगा-जमुना ही त्यांतील सर्वश्रुत होत. एवढे पाणी भिक्षूंना कशास हवे? ही टाकी शिबंदीसाठीच असली पाहिजेत, आणि ती जुन्या धाटणीची असल्यामुळे किल्लाही जुना असला पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी डोंगराची घडण पाहिली पाहिजे. शिवनेरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट उंच असून आकाराने काहीसा त्रिकोणी आहे. दक्षिणेकडे रुंद आणि उत्तरेकडे कडेलोटाच्या टोकाशी तो निमुळता होतो. दख्खनच्या इतर डोंगरांप्रमाणे तो बेसाल्टच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण थर झिजत नाहीत, त्यांचे उभे कडे होतात. मधले मऊ थर झिजून उताराच्या पट्ट्या तयार होतात. लेणी खोदणाऱ्यांनी या पट्ट्यांचा वाटेसारखा उपयोग करून कड्याच्या पायाशी काम केले. पावसाळ्यात वरून येणारे व थरांतून झिरपणारे पाणी साठविण्यास याच खडकात टाकी कोरणे हा एकमेव उपाय होता. जून ते सप्टेंबर एवढ्या काळात पडलेल्या पावसावर उरलेले आठ महिने काढावयाचे, ही अडचण भिक्षूला होती तशीच गडकऱ्यालाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करावी आणि पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावी, असा आशय आला आहे, तो याच अनुभवातून.

म्हणून टाके हा दुर्गत्वाचा स्वतंत्र पुरावा होऊ शकत नाही. विहार आणि दुर्ग या दोहोंची ती समान गरज आहे. ज्या टाक्याजवळ लेख आहे, त्याचा काळ अक्षरवटिकेवरून ठरविता येतो. त्याच धाटणीच्या पण लेख नसलेल्या टाक्यास तोच काळ आपोआप लागू होत नाही. कारण छिन्नीने बेसाल्ट फोडण्याची पद्धत शतकानुशतके फारशी बदलली नाही. जुने टाके पुढे रुंद करणे, त्याचे छत तोडणे, त्यास पायऱ्या जोडणे असे प्रकारही सर्रास होत. तेव्हा माथ्यावरील टाक्यांपैकी काही प्राचीन असण्याचा संभव मान्य केला तरी त्यावरून शिबंदी सिद्ध होत नाही.

पायऱ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. आज गडावर जाण्याचे दोन मार्ग सांगितले जातात. एक सात दरवाज्यांचा राजमार्ग. दुसरा साखळीची वाट. ही दुसरी वाट कड्यात खोदलेल्या पायऱ्यांनी लेण्यांजवळून वर चढते. दोन मार्गांच्या स्वभावातील फरक अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखा आहे. सात दरवाज्यांचा मार्ग शत्रूला अडविण्यासाठी योजलेला आहे. तो वळणे घेतो, दरवाजामागे दरवाजा उभा करतो, चढणाऱ्यास वरून मारा करता येईल अशा ठिकाणी आणतो. साखळीची वाट लेण्यांच्या रांगेला जोडलेली आहे. पहिल्या मार्गाचे प्रयोजन युद्ध. दुसऱ्याचे मूळ प्रयोजन लेण्यांपर्यंत पोहोचणे हे असावे, असे अनुमान युक्त दिसते. शिवाई देवीच्या देवळामागील कड्यातही लेणी आहेत. म्हणजे गडाच्या ऐन वस्तीतही जुन्या विहाराची खूण पुसली गेलेली नाही.

शिवनेरीच का?

जुन्नरभोवतीच्या सर्व डोंगरांत लेणी असता किल्ला मात्र शिवनेरीवरच झाला. इतर ठिकाणी लेण्यांचे पुढे काय झाले? लेण्याद्रीवरील एका विहारात गिरिजात्मज गणपतीची स्थापना होऊन ते अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र झाले. तेथे धर्मस्थळाचे धर्मस्थळच राहिले, उपासना तेवढी बदलली. मानमोडीची लेणी ओस पडली. या भिन्न गतींचे कारण डोंगरांच्या आकारात सापडते. लेण्याद्री व मानमोडी हे लांब पसरलेल्या रांगांचे भाग आहेत. तेथे कड्याखालून वा मागच्या धारेवरून शत्रू येऊ शकतो. शिवनेरी सुटा उभा आहे. माथा विस्तृत, चोहोबाजूंनी कडे, पायथ्याशी बाजारपेठेचे गाव आणि दृष्टीच्या टप्प्यात घाटाकडील मुलूख, एवढे गुण या परिसरात दुसऱ्या डोंगरास नाहीत. त्यांत पाणी साठविण्याची आणि चढण्याची व्यवस्था अंशतः आधीच झालेली. किल्ला करू इच्छिणाऱ्यास याहून अधिक काय हवे? शिवनेरीवरील प्राचीन खोदकाम आणि नंतरचा किल्ला यांचा खरा संबंध येथे आहे. विहाराने किल्ला निर्माण केला नाही; किल्ला होण्यास लागणाऱ्या सोयी मात्र त्याने मागे ठेवल्या.

किल्ला केव्हा दिसू लागतो

शिवनेरीस तटबंदी प्रथम देवगिरीच्या यादवांच्या काळी झाली, असे बहुतेक ग्रंथकार लिहितात. हे असंभाव्य नाही. बाराव्या व तेराव्या शतकांत या भागावर यादवांची सत्ता होती, आणि देवगिरीचा कडा तासून त्यास अभेद्य करणाऱ्या परंपरेला शिवनेरीचे महत्त्व कळले नसेल, असे मानवत नाही. तथापि सत्ता असणे आणि तट बांधणे यांत अंतर आहे. बांधकामाची थरवार तपासणी हाच तेथे निर्णायक पुरावा होईल.

बहामनी काळात येताच चित्र पालटते. पंधराव्या शतकात जुन्नर हे मलिक-उत्-तुज्जार या पदवीच्या बहामनी सरदारांच्या हालचालींचे ठाणे झाले. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून जुन्नरास आला व पावसाळ्यात तेथे राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात जुन्नरचा दुर्ग मानवाने न बांधलेल्या, ईश्वरनिर्मित खडकावर असल्याचे व तेथे जाण्याची वाट इतकी अरुंद असल्याचे वर्णन आहे की, दोन माणसे बरोबरीने चढू शकत नाहीत. येथील असद खान नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतरासाठी दडपण आणले; पुढे एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली. व्यक्तिगत संकटात सापडलेल्या माणसाने सहज केलेले हे वर्णन असल्यामुळे त्याची विश्वसनीयता वाढते. कोणत्याही राजाची स्तुती करण्याचे त्यास कारण नव्हते. त्याच्या लेखी मुख्य गोष्ट कड्याची आहे, तटाची नव्हे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वीरसेनक व इरिल यांच्या लेखांनंतर बाराशेंहून अधिक वर्षांनी, प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या शब्दांत, शिवनेरी येथे दुर्ग म्हणून दिसते.

त्यानंतर पुराव्याची साखळी अखंड आहे. १४८६ च्या सुमारास मलिक अहमद याने शिवनेरी वेढा देऊन घेतला. किल्ल्यात साठविलेला वसूल त्याच्या हाती आला आणि त्या बळावर १४९० मध्ये त्याने स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला. महसूल सुरक्षित ठेवण्याचे स्थान म्हणून डोंगराचा उपयोग होऊ लागला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. एके काळी याच भूमीत श्रेण्यांपाशी दानाच्या ठेवी ठेवल्या जात. आता राज्याचा खजिना तटाच्या आड गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शिवनेरी भोसले घराण्याकडे आली, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १६३७ मध्ये किल्ला मोगलांकडे गेला. सतराव्या शतकाच्या मध्यास या भागातील महादेव कोळ्यांनी केलेला उठाव मोगलांनी अत्यंत क्रूरपणे मोडून काढला. त्याची स्मृती गडावरील कोळी चौथऱ्याशी निगडित आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला. परंतु आपले जन्मस्थान असलेला हा किल्ला त्यांना हयातीत जिंकता आला नाही. १६७३ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर गडावर गेला. त्याने वळणावळणाच्या मजबूत दरवाज्यांचे व धान्याच्या मोठ्या साठ्याचे वर्णन केले आहे. निकितिनला जेथे प्रामुख्याने कडा दिसला, तेथे फ्रायरला दरवाजे व कोठारे दिसतात. दोन वर्णनांमधील दोन शतकांत डोंगरावर मनुष्याचे बांधकाम किती वाढले असावे, याचा अंदाज या फरकावरून येतो. १८१८ च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिज याने शिवनेरी इंग्रजांच्या ताब्यात घेतली आणि तिचे लष्करी जीवन संपले.

या विवेचनाचे प्रयोजन

'सातवाहनकालीन किल्ला' म्हटल्याने काय बिघडते, असा प्रश्न विचारला जाईल. बिघडते ते असे. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत शिवनेरी आहे. ही गोष्ट सर्वथा उचित व आनंदाची होय. मात्र त्या नोंदीमागील विषय मराठ्यांची दुर्गरचना हा आहे. एखाद्या स्थळास एका भूमिकेने मान्यता मिळाली म्हणजे त्याच्या इतर भूमिका त्या एकीत विरघळून जाण्याचा संभव असतो. मग लेणी म्हणजे 'पहारेकऱ्यांच्या खोल्या', टाकी म्हणजे 'किल्ल्याची पाणीव्यवस्था' आणि सातवाहन म्हणजे 'किल्ल्याचे पहिले बांधकर्ते' ठरतात. चैत्यगृह देणारा गृहपती वीरसेनक, दोन टाकी खोदविणारा यवन इरिल आणि भोजनमंडप देणारा चिट हे आपल्याच दानांतून बेदखल होतात. इतिहासात ज्यांची नावे टिकणे दुर्मिळ, अशा सामान्य जनांची नावे येथे खडकाने दोन हजार वर्षे सांभाळली. ती आपल्या निष्काळजीपणाने जाऊ नयेत.

उलट पक्षी, शिवनेरीच्या लष्करी महत्त्वासही खोट्या प्राचीनत्वाची गरज नाही. पंधराव्या शतकापासूनचा तिचा वृत्तान्त स्वतःच्या बळावर उभा आहे. छत्रपतींच्या जन्मस्थानाची थोरवी सातवाहनांच्या काल्पनिक तटामुळे तिळमात्र वाढत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दृष्टीने पुढील कामे हाती घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. माथ्यावरील प्रत्येक टाक्याचे मोजमाप, तोंडाचा आकार, आतील खांब, छिन्नीच्या खुणा आणि जवळच्या लेण्याशी असलेले अंतर यांची सारणी करावी. कोणते टाके कोणत्या वाटेशी जोडलेले आहे, हे नकाशावर दाखवावे. तटाचा पाया ज्या ठिकाणी जुने खोदकाम कापून वा बुजवून बसविला आहे, ती ठिकाणे विशेष काळजीने नोंदवावीत; कारण तेथे दोन कालखंडांचा क्रम डोळ्यांनी दिसतो आणि अनुमानाची गरज उरत नाही. माथ्यावर उघड्या पडलेल्या खापरांची स्थळवार नोंद, ती न उचलता, करावी. मोहोळ-सोलापूरकडील विद्यार्थ्यांस या कामी एक अनुकूलता आहे. भुईकोटांच्या निकट परिचयामुळे बांधीव तट कसा वाचावा, हे त्यांस ठाऊक असते. ज्याने तटच तट पाहिले आहेत, त्यास तट नसलेली जागा अधिक लवकर जाणवते.

सारांश, शिवनेरीच्या इतिहासाचे तीन टप्पे वेगळे ठेवले पाहिजेत. इसवी सनाच्या आगेमागे सुमारे चार-पाच शतके तो भिक्षूंचा, व्यापाऱ्यांचा आणि श्रेण्यांचा डोंगर होता. याचा पुरावा लेखांचा आहे. त्यानंतरच्या दीर्घ काळात, यादवकाळ धरून, तो आश्रयस्थान वा दुर्ग असण्याचा संभव आहे. येथे निर्णय बांधकामाच्या तपासणीने व्हावयाचा आहे. पंधराव्या शतकापासून तो निःसंशय दुर्ग आहे. याला प्रवाशांचा, तवारिखांचा आणि उभ्या दरवाज्यांचा आधार आहे. पहिल्या टप्प्याचे श्रेय तिसऱ्यास देऊ नये आणि तिसऱ्याचे तेज पहिल्यावर पाडू नये. 'प्राचीन किल्ला' या दोन शब्दांपैकी 'प्राचीन' हा शब्द शिवनेरीच्या डोंगराचा आहे, 'किल्ला' हा तिच्या उत्तरायुष्याचा. ते एकत्र उच्चारण्यापूर्वी मधल्या बारा शतकांचा हिशेब मांडणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.